नेपाम डेथ कुठल्या रकान्यात बसवायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिली अडचण येते ती वर्गीकरणाची. गाइड सांगतात, आधी व्याख्या करा, मग प्रकार पाडा. आपण प्रकार पाडतो, तक्ता करतो, तक्ता दिसायलाही छान दिसतो. आणि फील्डवर गेलं की पहिलाच माणूस त्यात मावत नाही.

माझं अगदी असंच झालं. बीड जिल्ह्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींवर माझं काम चालू आहे. आरआरसीसमोर ठेवलेल्या आराखड्यात मी दोन रकाने पाडले होते : गायन पार्टी आणि बँजो पार्टी. केज तालुक्यातल्या पहिल्याच मुलाखतीत कळलं, की समोर बसलेले सहा जण लग्नसराईत बँजो वाजवतात आणि 14 एप्रिलला, 1 ऑगस्टला स्टेजवर तेच गायन पार्टी असतात. मी वही पुढं करून विचारलं, तुम्हाला कुठं लिहू? त्यातले एक काका म्हणाले, "कुठंबी लिवा, पण दोनदा लिवू नका. मान्सं तेवढीच हायेत."

मी दोनदा लिहिलं होतं. म्हणजे माझ्या आकडेवारीत सहाचे बारा झाले होते. ही चूक व्हायव्हात निघाली असती तर काय झालं असतं, ते तुम्हीच समजून घ्या.

या गुंत्यातून वाट सापडली ती फ्रँको फॅब्री या इटालियन अभ्यासकामुळे. हा स्वतः 'स्टॉर्मी सिक्स' नावाच्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, त्यामुळे नुसता पुस्तकी माणूस नव्हता. 1981 मध्ये त्यानं मांडलं, की संगीतप्रकार म्हणजे लोकांनी मान्य केलेल्या नियमांखाली घडणाऱ्या सांगीतिक घटनांचा संच. हे नियम त्यानं पाच तऱ्हेचे सांगितले. वाजवण्याच्या तंत्राचे, अर्थ पोचवण्याचे, वागणुकीचे, सामाजिक-वैचारिक आणि पैसा-कायद्याचे. वाचताना हे कोरडं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण एखाद्या बँडला लावून बघितलं की कळतं. मी नेपाम डेथला लावून बघितलं, कारण हा बँड चाळीस वर्षांहून जास्त काळ पंक आणि मेटल यांच्या बांधावर उभा आहे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंक म्हणजे तीन सूर येत असले तरी चालतंय, स्टेजवर चढ आणि रागानं बोल. गाणं छोटं, रेकॉर्डिंग स्वस्तातलं, कंपनीवर भरवसा नाही. मेटलमध्ये हात तयार लागतो. गिटारचा आवाज जड, घट्ट, मोजून-मापून काढलेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात या दोन्हींचे श्रोते एकमेकांकडं नाक मुरडून बघायचे, तरी मोटरहेडसारख्या बँडला दोन्हीकडचे लोक यायचे. स्टीव्ह वॅक्समनचं 2009 चं 'धिस एन्ट द समर ऑफ लव्ह' हे पुस्तक याच भांडणावर आणि देवाणघेवाणीवर आहे. संगीत तुमचा विषय नसला तरी, दोन गटांमधल्या सीमेवर प्रबंध कसा उभा करायचा, हे बघायला ते जरूर चाळा.

नेपाम डेथ 1981 मध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन गावात शाळकरी पोरांनी सुरू केला. गाव छोटंच. सुरुवातीचा बँड सरळसरळ पंक, तोही राजकीय. 1984 मध्ये क्रास या अराज्यवादी पंक बँडच्या कंपनीनं काढलेल्या एका संकलनात त्यांचं गाणं आलं. मग 1987 चा 'स्कम'. त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या वेळी रेकॉर्ड झाल्या, पहिली 1986 मध्ये, दुसरी 1987 मध्ये. आणि दोन्ही बाजूंवर असलेला माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. त्यातलं एक गाणं जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे, जगातलं सगळ्यात छोटं गाणं म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. इथला वेग हलगीवाल्यालाही दमवणारा आहे. पण गिटार ऐका, ती मेटलकडून आलेली आहे. 'ग्राइंडकोर' हे नाव या मिश्रणाला पडलं, त्याचं श्रेय हॅरिसलाच देतात.

आता 1990. 'हार्मनी करप्शन' हा अल्बम करायला बँड फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेला, मॉरिसाउंड स्टुडिओत, स्कॉट बर्न्सकडं. डेथ मेटलची तेव्हाची पंढरीच म्हणा. नवा गायक बार्नी ग्रीनवे 'बेनेडिक्शन' या डेथ मेटल बँडमधून आलेला, दोन गिटारवाले अमेरिकेतले. आवाज स्वच्छ आणि जड झाला, गाणी लांबली. कुणीही ऐकून सांगेल, हे मेटल आहे.

इथंच घाई करू नका. फॅब्रीचे पाच नियम एकेक करून तपासा. तंत्र बदललं, हे खरं. पैशाचं गणितही पुढं बदललं : 1994 चा अल्बम अमेरिकेत कोलंबियासारख्या बड्या कंपनीमार्फत निघाला, 1995 च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' सिनेमाच्या अल्बममध्ये त्यांचं गाणं गेलं. क्रासच्या संकलनापासून हे अंतर केवढं आहे बघा. पण वैचारिक नियम? ते हललेच नाहीत. त्या काळात डेथ मेटलच्या गाण्यांत प्रेतं आणि रक्त यांची रेलचेल असताना ग्रीनवे युद्ध, धर्माची सत्ता, वंशद्वेष यांवरच लिहीत राहिला. 1993 मध्ये बँडनं डेड केनेडीज या पंक बँडचं नाझीविरोधी गाणं परत गायलं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच बँडचा एक पाय मेटलमध्ये आणि दुसरा पंकमध्ये. "पंककडून मेटलकडे प्रवास" असं शीर्षक दिलं की यातला अर्धा भाग गळून पडतो.

आणखी एक गोष्ट. स्थापनेवेळचा एकही माणूस आज बँडमध्ये नाही. शेन एम्बरी हा बासवाला सगळ्यात जुना, तोही 1987 मध्ये, 'स्कम'चं रेकॉर्डिंग झाल्यावर आलेला. मग "बँड बदलला" या वाक्यातला बँड म्हणजे कोण? आपल्या विश्लेषणाचं एकक काय, हे आधी ठरवावं लागतं. माणूस, नाव, की एकेक अल्बम? काकांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त 'एकक' हा शब्द न वापरता.

हे सगळं फारच लांबचं वाटत असेल तर मुंबईचा 'स्क्राइब' ऐका. हार्डकोर पंकचं ओरडणं आणि मेटलची गिटार, आणि अल्बमची नावं 'मार्क ऑफ तेजा' (2010), 'हेल मोगॅम्बो' (2014). दोन्ही हिंदी सिनेमातले खलनायक. अर्थ पोचवण्याचा नियम इथं ना इंग्लंडचा ना फ्लोरिडाचा. तो 'अंदाज अपना अपना' पाठ असलेल्या पोरांचा आहे.

माझा तक्ता मी मोडला. आता उभ्या ओळीत माणसं आहेत आणि आडव्या ओळीत वर्षाचे महिने; चौकटीत त्या महिन्यात तो माणूस काय वाजवतो, कुणासाठी वाजवतो, किती घेतो आणि त्या कामाला स्वतः काय म्हणतो, ते लिहितो. एप्रिल-मे गच्च भरले. दिवाळीनंतरच्या महिन्यांत मात्र त्या सहापैकी चौघांपुढं एकच शब्द आहे, 'ऊसतोड'. पहिल्या मसुद्यात मी तिथं 'काही नाही' असं लिहून टाकलं होतं. परवा त्यातल्या एकाला फोन केला तेव्हा मागं फडावर कुणीतरी गात होतं. पुढच्या महिन्यात ऊस चालू आहे तिकडं, कोपीवर जाऊन यायचं ठरवलंय.