संगणकाचा ‘फॉल्स पॉझिटिव्ह’

महिन्याची २० तारीख जवळ आली की उल्हासनगरच्या कॅम्पांतील कर सल्लागारांकडे आणि अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत जीएसटी विवरणपत्र भरण्याची घाई उडते. नेमक्या त्याच वेळी डिजिटल सही करणारा प्रोग्राम अँटिव्हायरसने अडवला तर काम ठप्प होते. बदलापुरातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हाच प्रकार घडला तर गोष्ट आणखी गंभीर होते. अहवाल छापणारा, कित्येक वर्षे विनातक्रार चाललेला प्रोग्राम एका सकाळी उघडतच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट येते: धोका आढळला, फाइल हटवली. रक्त घेऊन झालेले असते, रुग्ण बाहेर थांबलेले असतात आणि अहवाल मात्र संगणकात अडकून पडतात.

अशा वेळी मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘अँटिव्हायरस बंद करा, सगळं सुरू होईल.’ प्रोग्राम बहुधा सुरू होतोही. पण डोकेदुखीवर वेदनाशामक गोळी घेऊन कारण न शोधण्यासारखाच हा उपाय आहे. गजर खरा होता की खोटा, हा प्रश्न तसाच राहतो. वैद्यकशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. आजार नसताना तपासणी ‘आहे’ म्हणते तेव्हा तिला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. अँटिव्हायरसचा खोटा गजर हा त्याचाच भाऊबंद.

निर्दोष फाइल का अडकते?

अँटिव्हायरस मुख्यतः तीन प्रकारे संशयिताला ओळखतो. पहिला प्रकार खुणांचा. माहीत असलेल्या विषाणूच्या प्रोग्राममधला ठरावीक तुकडा त्याच्या यादीत असतो. तोच तुकडा योगायोगाने चांगल्या फाइलमध्ये सापडला की तीही धरली जाते. माणसाच्या शरीरातही असे घडते. लहान मुलांचा घसा ज्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे सुजतो, त्याची काही प्रथिने हृदयाच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती मग काही मुलांत स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. ऱ्हुमॅटिक तापात झडपा खराब होतात त्या यामुळे.

दुसरा प्रकार वागणुकीचा. नव्या विषाणूची खूण यादीत नसते, म्हणून प्रोग्राम काय करतो यावर नजर ठेवली जाते. मराठीत टंकलेखन करू देणारे काही प्रोग्राम कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ मध्येच पकडतात आणि इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर ठेवतात. पासवर्ड चोरणारा ‘कीलॉगर’सुद्धा प्रत्येक कळ पकडतो. हेतू वेगळे असले तरी वरून पाहणाऱ्याला कृती सारखीच दिसते.

तिसरा प्रकार ओळखीपाळखीचा. जगभर कोट्यवधी संगणकांवर चालणाऱ्या, कंपनीची डिजिटल सही असलेल्या प्रोग्रामवर अँटिव्हायरस सहज विश्वास ठेवतो. पण गावातल्याच एखाद्या प्रोग्रामरने दहा-वीस लॅबसाठी लिहिलेला आणि सही नसलेला प्रोग्राम त्याच्या दृष्टीने परका असतो. त्यामुळे खोट्या गजराची झळ मोठ्या कंपन्यांपेक्षा छोटे व्यावसायिक, छोटे दवाखाने आणि स्थानिक भाषांतली साधने यांना अधिक बसण्याची शक्यता असते.

लाखात एक चूकही पुरते

समजा, एका संगणकात २ लाख फाइल आहेत आणि अँटिव्हायरस निर्दोष फाइलच्या बाबतीत लाखात एकदाच चुकतो. ही अचूकता ९९.९९९ टक्के झाली. तरीही पूर्ण तपासणीत सरासरी २ चांगल्या फाइल अडकतील. संगणकात खरा विषाणू एकही नसेल, तर त्या दिवसाचे सगळेच गजर खोटे ठरतील.

डॉक्टरांना हे गणित रोज करावे लागते. विषमज्वरासाठीची विडाल तपासणी पूर्वी होऊन गेलेला आजार, लसीकरण किंवा दुसराच एखादा ताप यांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून केवळ त्या कागदावरून निदान करायचे नसते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण झाल्याचे सांगण्यापूर्वी आपल्याकडे तीन वेगवेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. पहिल्या पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ ‘पुन्हा तपासा’ एवढाच असतो.

अँटिव्हायरसचा निकालही संदर्भासकट वाचावा. अनोळखी ई-मेलमधून आलेल्या फाइलवर गजर झाला तर तो खरा असण्याची शक्यता मोठी. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या आणि वर्षानुवर्षे चाललेल्या प्रोग्रामवर, तेही अँटिव्हायरस अद्ययावत झाल्याबरोबर गजर झाला, तर तो खोटा असू शकतो. अर्थात जुन्या फाइललाही नव्याने लागण होऊ शकते, म्हणून खात्री दोन्ही वेळा करायची.

खोट्या गजराने केलेले नुकसान

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीने विषाणूंच्या खुणांची नवी यादी पाठवली. त्या यादीने विंडोज एक्सपी प्रणालीतल्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या अत्यावश्यक फाइललाच विषाणू ठरवले. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले, त्यांचा नेटवर्कशी संपर्क तुटला. कंपनीने काही तासांत यादी मागे घेतली, पण तोवर जगभर हजारो संगणक आडवे झाले होते. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. गंभीर इजा नसलेल्या रुग्णांना आपत्कालीन विभागात घेणेही त्यांनी काही काळ थांबवले. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या दुकानसाखळीची बिलिंग यंत्रे बंद पडली.

२०१६मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदलेली एक घटना तर थेट शस्त्रक्रियागृहाजवळची आहे. रुग्णाच्या हृदयात कॅथेटर घालण्याची प्रक्रिया सुरू असताना माहिती दाखवणारा पडदा काळा झाला. अँटिव्हायरसने मध्येच तपासणी सुरू केल्यामुळे त्या प्रणालीचा संपर्क तुटला होता. संगणक पुन्हा सुरू करून प्रक्रिया पूर्ण झाली, पण गुंगी दिलेल्या रुग्णाला सुमारे पाच मिनिटे ताटकळावे लागले. वैद्यकीय माहितीच्या कोणत्या फाइल तपासणीतून वगळायच्या, याच्या उत्पादक कंपनीच्या सूचना तिथे पाळल्या गेल्या नव्हत्या.

मग अँटिव्हायरस काढूनच टाकावा का? याचे उत्तर दिल्लीच्या ‘एम्स’ने अनुभवले आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने लिहून करावी लागली. खोटा गजर त्रास देतो, पण पहारा नसेल तर खरा चोर सगळे घर धुऊन नेतो. वारंवारच्या खोट्या गजराचा सर्वांत मोठा तोटाही हाच, की माणसे गजराकडे लक्षच देईनाशी होतात. अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या यंत्रांमुळे परिचारिकांचे कान असेच निर्ढावतात.

गजर झाला तर काय करावे?

• घाईने ‘डिलीट’ करू नका. फाइल ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे विलगीकरणात ठेवा. गजर खोटा ठरला तर तिथून ती परत आणता येते.

• अँटिव्हायरसने दाखवलेले विषाणूचे नाव आणि फाइलची जागा लिहून ठेवा किंवा फोटो काढा. त्याशिवाय कोणालाही नीट मदत करता येत नाही.

• अँटिव्हायरस अद्ययावत करून पुन्हा तपासा. कंपनीने चूक सुधारली असेल तर गजर आपोआप थांबेल.

• दुसरे मत घ्या. ‘व्हायरसटोटल’ या मोफत सेवेवर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासली जाते. सत्तरपैकी एक-दोघांनीच बोट दाखवले तर गजर खोटा असण्याची शक्यता वाढते. निम्म्यांनी दाखवले तर फाइलपासून दूर राहा. मात्र रुग्णांचे अहवाल, आधारची प्रत किंवा हिशेबाच्या फाइल तिथे चढवू नका, कारण त्या इतरांना पाहायला मिळू शकतात.

• प्रोग्राम मूळ कंपनीकडूनच पुन्हा घ्या. फुकटच्या ‘क्रॅक’ प्रतीवर झालेला गजर कधीही खोटा समजू नका. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही अशा प्रतीसोबत येणारी सूचनाच धोक्याची आहे.

• खात्री पटल्यावर फक्त त्या एका फाइलला सूट द्या. संपूर्ण ड्राइव्हला किंवा पेन ड्राइव्हला देऊ नका.

• खोट्या गजराची तक्रार अँटिव्हायरस कंपनीकडे करा. बहुतेक कंपन्या त्यासाठी फाइल पाठवण्याची सोय देतात. पुण्याच्या ‘क्विक हील’सारखी कंपनी तर आपल्याच राज्यातली आहे. एका लॅबने केलेली तक्रार तोच प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगी पडते.

दवाखाने आणि लॅब यांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. यंत्रे बसवणाऱ्या कंपनीकडून ‘अँटिव्हायरसमधून काय वगळायचे’ याची सूचना लेखी घ्यावी आणि संपूर्ण तपासणीची वेळ रुग्ण नसतानाची ठेवावी. माहितीची एक प्रत संगणकापासून वेगळ्या ठिकाणी रोज जपून ठेवली, तर गजर खरा निघो की खोटा, दुसऱ्या दिवशी अहवाल देता येतात. संगणकात खरोखरच काही शिरले असल्याची शंका असेल, तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर ते काढण्याची साधने मोफत मिळतात. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.