पेरणीतली उरलेली मेथी मधुमेहासाठी खाऊ नका

मेथी पेरून झाली की पिशवीत मूठभर बी उरते. घरात कुणाला ‘शुगर’ असली की तेच रात्री भिजत पडते. तसे करू नका. विकतच्या बियाण्याला बहुधा थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. धुऊन ते पूर्ण जात नाही. खाण्यासाठी दाणे किराणा दुकानातूनच घ्या.

मेथीचा गुण मात्र खरा आहे. भिजलेल्या दाण्याचा बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारे तंतुमय पदार्थ. त्यांच्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या अभ्यासात रुग्णांची उपाशीपोटीची साखर कमी झाली. पण तिथे रोज १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दिली होती, चमचाभर दाणे नव्हे! म्हणून गोळ्या बंद करू नका. गोळ्यांसोबत मेथी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रानात काम करताना अचानक घाम फुटला, हात थरथरले तर साखर उतरली समजा आणि लगेच गूळ खा.