मान बाकचा तरुण

व्हिएतनामच्या उत्तर भागात मान बाक इथे २००७ साली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुणाचा सांगाडा सापडला. आसपासची माणसं सरळ निजवून पुरलेली. याचे पाय मात्र दुमडलेले. मानेचे मणके एकमेकांना सांधलेले, हातापायांची हाडं काडीसारखी बारीक.

न वापरलेलं हाड झिजत जातं. त्यावरून लोर्ना टिली आणि मार्क ऑक्सनम या संशोधकांनी अंदाज बांधला: किशोरवयातच कमरेखालचं अंग लुळं पडलं, हातही जेमतेम चालत असावेत. तरीही तो पुढे दहाएक वर्षं जगला!

म्हणजे मासेमारी-शिकारीवर पोट भरणाऱ्या त्या वस्तीत कुणीतरी त्याला रोज भरवत होतं, धूत-पुसत होतं, कुशीवर वळवत होतं. मायेनं की नाइलाजानं, हे हाडांवरून कळत नाही.