धोका नकाशावर असतानाच

रासायनिक कारखान्यात किती धोका राहणार, हे बरंचसं पहिल्याच बैठकांमध्ये, माल कोणत्या मार्गाने बनवायचा ते ठरतं तेव्हाच ठरून जातं. भोपाळच्या वायुदुर्घटनेचंच घ्या. कार्बारिल हे कीटकनाशक बनवण्याच्या एका पद्धतीत आधी मिथाइल आयसोसायनेट तयार करतात आणि मग त्याची नॅफ्थॉलशी अभिक्रिया घडवतात. दुसऱ्या पद्धतीत नॅफ्थॉलवर प्रथम फॉस्जीनची आणि नंतर मिथाइल अमाइनची क्रिया होते. मिथाइल आयसोसायनेट लागतच नाही. (फॉस्जीन काही साधुसंत नव्हे, पण तो दोन्हीकडे आहेच.) भोपाळमध्ये पहिली पद्धत होती, वर हा मधला पदार्थ साठवून ठेवलेला. डिसेंबर 1984 मध्ये गळती झाली, तेव्हा या विषारी पदार्थाचा एकाच टाकीत सुमारे 40 टन साठा होता.

त्याआधी, 1 जून 1974 रोजी, इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोत रासायनिक कारखान्याच्या स्फोटात 28 जण मेले. सहापैकी तडा गेलेला पाचवा रिअॅक्टर काढून तिथे तात्पुरता पाइप जोडला होता. त्याचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती! या स्फोटानंतर आयसीआय या रसायन कंपनीचे सुरक्षा सल्लागार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी आग्रह धरला, की घातक पदार्थाचा साठाच मुळात कमी ठेवा.

‘हॅझॉप’ ही धोके हुडकण्याची गाजलेली तपासणी मात्र सहसा पाइप-उपकरणांचे नकाशे तयार झाल्यावर होते. तोवर मार्ग, साठा, जागा पक्की झालेली असते. हाती उरतात अलार्म आणि व्हॉल्व्ह. भारतात धोकादायक कारखान्यांच्या जागेची आधीच छाननी करणाऱ्या समितीची तरतूद कारखाना कायद्यात आली, ती 1987 च्या दुरुस्तीने.