पहारेकऱ्याने फोडलेली खूण

बिनतारी जाळ्यांची पहिली सुरक्षा-पद्धत 'वेप' या नावाने ओळखली जाते. 1997 च्या '802.11' या मानकात ती आली. किल्ली छोटी म्हणून ती मोडली, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खोटे नाही. पण मानक वाचत गेलो तेव्हा मला अधिक अस्वस्थ केले ते तिच्या ओळख पटवण्याच्या रीतीने.

रीत दिसायला शहाणपणाची आहे. लॅपटॉप दाराशी येतो. राउटर त्याला 128 बाइटांचा एक मजकूर उघडपणे पाठवतो आणि सांगतो, हा आपल्या गुप्त किल्लीने झाकून परत दे. परवलीचा शब्द कुठेही उच्चारला जात नाही.

झाकायचे कसे? किल्लीपासून शून्य-एकांची लांब माळ तयार होते. मजकुरातला प्रत्येक अंक माळेतल्या अंकाशी ताडायचा. सारखे असतील तर 0, वेगळे असतील तर 1. प्रश्न 1011 आणि माळ 1101 असेल, तर उत्तर 0110. आता प्रश्न आणि उत्तर यांनाच त्या नियमाने ताडून पाहा, कागदावर दोन मिनिटांचे काम आहे. 1101 ही माळच हाती येते! आणि प्रश्न-उत्तर दोन्ही तर हवेतूनच गेलेले असतात. बाहेर बसून ऐकणाऱ्याला किल्ली कळत नाही, पण आत शिरायला तिची गरजही उरत नाही. पुढचा प्रश्न 0010 आला, की त्याने 1111 म्हणायचे.

दर वेळी माळ बदलावी म्हणून किल्लीला 24 बिटांचा आकडा जोडत. पण तो उत्तर देणाराच निवडत असे, आणि जुना आकडा पुन्हा वापरायला मनाई नव्हती. म्हणजे पहारेकरी नसता तर बरे. हे मी अलंकारिक बोलत नाही. ही तपासणी बंद ठेवून नुसते सांकेतीकरण चालू ठेवणे त्यातल्या त्यात सुरक्षित होते.

2001 मध्ये फ्लूरर, मांटिन आणि शमीर यांनी मूळ किल्लीच काढण्याची वाट दाखवली. (ज्या 'आरसी4'वर हे सारे उभे होते, ते रिव्हेस्ट यांचे; शमीर हे त्यांचेच 'आरएसए'मधले सहकारी.) तरीही दुकानांत वेप चालूच राहिले. अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीतून 4 कोटी 57 लाख कार्डांची माहिती गेल्याचे 2007 मध्ये उघड झाले, तेव्हा कॅनडाच्या चौकशीत तिथल्या वेपवर बोट ठेवले गेले. फटका बसला तो कार्डधारकांना. त्यांनी वेपचे नावही ऐकलेले नसणार.

2004 मध्ये मानकात आलेल्या नव्या पद्धतीत राउटर आणि लॅपटॉप दोघांनाही आपली ओळख सिद्ध करावी लागते, आणि माळ अशी हाती लागत नाही. तरी ऐकणारा तो संवाद टिपून घरी नेऊ शकतो आणि एकेक शब्द लावून पाहू शकतो. त्याला उशीर व्हावा म्हणून प्रत्येक शब्द 4096 वेळा घुसळला जातो. मुलाचे नाव आणि जन्मसाल एवढाच पासवर्ड असेल, तर तेवढा उशीर पुरत नाही.