पंचांची बैठक आणि न्यायालयातील मध्यस्थी

‘पंच’ या शब्दाशी आपले नाते सरळ नाही. जातपंचायतीने नवराबायकोचा तंटा तोडायचा म्हणजे काय, हे आपल्या आज्यांनी सोसलेले आहे. दंड, जेवणावळ, वाळीत टाकण्याची धमकी, आणि शेवटी काडीमोड. त्यातही बाईचे म्हणणे बहुधा तिचा बाप नाहीतर भाऊ सांगायचा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा झाला तो २०१६ साली. म्हणून ‘कोर्टाने मध्यस्थीला पाठवले’ असे वस्तीतली एखादी बाई सांगते तेव्हा कार्यकर्त्याला प्रथम संशय येतो. तो रास्तच आहे. परंतु ही मध्यस्थी नेमकी काय आहे हे समजून न घेता तो धरून बसणे बाईच्या हिताचे नाही.

पंच निकाल देतो. मध्यस्थाला निकाल देण्याचा अधिकारच नाही. तो दोघांना एकत्र व वेगवेगळे बसवून बोलते करतो, आणि जमले तर दोघांनी ठरवलेले कागदावर आणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमाने २००२ पासून ही वाट खुली झाली. विवाहविषयक वादांत तिचा उपयोग करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कुटुंब न्यायालयांना सांगितले. तेथले बोलणे गुप्त राहते. जमले नाही तर ‘समझोता झाला नाही’ एवढेच न्यायाधीशाला कळवायचे. कोण काय बोलले, कोण अडून बसले हे कळवायचे नाही. बाईला हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे ‘नाही’ म्हणताना ती कचरणार नाही.

अडचण आहे ती ‘समेट’ या शब्दात. कुटुंब न्यायालय कायद्याने (१९८४) समझोत्याचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले. पण समझोता म्हणजे बाईला परत नांदायला धाडणे, असा अर्थ पुष्कळांच्या डोक्यात पक्का आहे, आणि त्यात आपले पुढारीही आले. नीट वेगळे होणे हाही समझोताच आहे. १९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिने घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला होता. त्या मागणीचे वारस म्हणवणाऱ्यांनी ‘घर मोडू नका’ हा धोशा लावावा, याचे नवल वाटते.

दुसरी चूक स्टँपपेपरची. बैठकीत ‘सोडचिठ्ठी’ लिहितात, नोटरीचा शिक्का घेतात नि मोकळे होतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात रूढीने होणारी फारकत राखून ठेवली असली तरी ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते जमले नाही तर कागद फुकट, आणि पुढचे लग्न अडचणीत. उलट, १९७६ पासून संमतीने घटस्फोटाची तरतूद आहे. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असे २०१७ मध्ये ठरले.

खरा पेच मुलांचा. ‘पोर मला दे, पोटगी सोडते’ हा सौदा वस्तीत रोज होतो. बाई तो आनंदाने करते, कारण पोर हातचे जाईल ही भीती मोठी असते. तिला सांगायला हवे की पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच ठेवावे असे १९५६ चा पालकत्व कायदा म्हणतो, आणि मुलाचे कल्याण ही त्यातली सर्वांत वरची कसोटी आहे. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क. आईने सही करून तो सुटत नाही. ताब्याच्या वादात समुपदेशक मुलाशी बोलून जो अहवाल देतो, त्याला मात्र वर सांगितलेली गुप्तता लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. तेव्हा त्या भेटीआधी पोराला पढवणे अंगाशी येते. ते पोरावर अन्यायाचेही आहे.

मारहाण होत असेल तेथे मात्र घाई नको. ज्याच्यासमोर बाई मान वर करीत नाही त्याच्याशी समोरासमोर बसून ती काय ठरवणार? आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश घ्यावा, आणि वेगळे बसवण्याचा आग्रह धरावा. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना व अनुसूचित जातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मसुदा हाती आला की तो मोठ्याने वाचून दाखवावा. ‘वडिलांना भेटू द्यावे’ एवढे लिहून भागत नाही. कोणता वार, किती वाजता, कोणाच्या घरी, एसटीचे भाडे कोणी द्यायचे, शाळेच्या दाखल्यावर सही कोणाची, खर्चाची रक्कम दरवर्षी किती वाढवायची, हे सारे त्यात यावे. आणि सही झाल्यावरही बाईचे मन बदलले तर, संमतीच्या घटस्फोटात हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे तिला त्याच दिवशी सांगावे.