राखाडी फासला म्हणजे पावसाळा होत नाही

निसर्गचित्रात पावसाळी वातावरण आणायचं तर राखाडी रंग हवा, असं जलरंग शिकणाऱ्या बहुतेकांना वाटतं. ठाण्यात वर्तकनगरहून पोखरण रोडने उपवन तलावावर जा आणि सर ओसरल्यावर येऊरच्या डोंगराकडे नीट बघा. तलावाकाठची झाडं काळपट हिरवी, त्यांच्या कडा ठसठशीत. मागचा डोंगर बराच उजळ, आणि त्याचा माथा ढगात नेमका कुठे मिसळला ते सांगता येत नाही. हवेतले पाण्याचे कण उजेड सगळीकडे विखुरतात, म्हणून दूरचं सारं फिकट, धूसर होतं. चित्रातलं वातावरण या उजळ-गडदाच्या पायऱ्यांत आणि कडांच्या मऊपणात असतं. त्या साधल्या तर एकट्या तपकिरी रंगातही पाऊस दिसतो. राखाडी लागलाच, तर अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून करावा. निळा वाढवला की गार, सिएना वाढवला की उबदार. नळीतल्या काळ्यात पाणी घालून हा फरक मिळत नाही.

दुसरा समज असा की जलरंग आपल्या मर्जीने वाहतो, जमलं तर जमलं. यात नशीब थोडं, वेळेचं भान फार. कागद चकाकत असताना डोंगराचा रंग टेकवला, तर तो आकाशात पसरत जातो. चकाकी जाऊन नुसती ओल उरली, की कड मऊ राहूनही आकार टिकतो. धुक्यातला डोंगर रंगवायची वेळ हीच. मात्र तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश लागला, तर वेड्यावाकड्या कडांचा डाग फुटतो. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत कागद सावकाश वाळतो आणि ही मधली वेळ लांबते. याला वैतागून हेअर ड्रायर काढणाऱ्यांनी हातची संधी घालवली, असं मला वाटतं. आणि वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा लावतानाच तो थोडा गडद लावावा.

जलरंग फिकेच, खोल अंधार तैलरंगातच, हेही खरं नाही. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेली स्त्री, भोवती दाट काळोख, ज्योतीआड धरलेल्या हातामागून चेहऱ्यावर आलेला उजेड. निसर्गचित्र नव्हे, पण वातावरण शिकायला याहून चांगला धडा नाही. १९४५-४६च्या सुमाराचं हे काम जलरंगातलंच. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा तर १९०६ साली वारले होते.

जलरंगात चूक सुधारत नाही, हे अर्धसत्य. चांगल्या सुती कागदावरून बरेचसे रंग ओल्या ब्रशने उचलता येतात.

वातावरणासाठी कोकण गाठायलाच हवं, असंही नाही. चित्रकार आबालाल रहमान कोल्हापुरातलं कोटितीर्थ तळं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. वर्तकनगरच्या म्हाडाच्या इमारतींनाही सकाळचा आणि पावसाआधीचा उजेड वेगळा असतो. खिडक्या मोजत बसू नका. आधी सगळ्यांत उजळ जागा कोणती ते ठरवा आणि तिथला कागद कोरा राखा.